नमुना क्रमांक सतरा

आधीच सांगते, प्रतिक्रियांमध्ये कुणी लिंबू-मिरची सुचवू नये. न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात मी कधी लिहीन असं मलाच वाटलं नव्हतं. आमच्या घरी देव्हारा नाही, अंधश्रद्धाविरोधी पुस्तिकांचं कपाट आहे. आठवीत असताना मी लातूरच्या बसस्टँडवर बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटलीत. तरीही हे घडलं – आणि भर दुपारी, तीन शहाण्या माणसांसमोर.

आमचा लातूर-नांदेडचा दगड गोळा करणाऱ्यांचा छोटा गट आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही अकराजण परवानगी काढून किनवटच्या डोंगरात गेलो. तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्याचा गाळ दगड होऊन बसलाय. त्यात गोगलगायींचे शंख सापडतात, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे.

आमचे सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी मुठीएवढा एक दगड हातोड्याने फोडला. एका तुकड्यात नखाएवढा शंख, दुसऱ्यात त्याची खोलगट छाप. नोंदवही माझ्याकडे असते. मी फोटो काढला, तुकड्यांच्या बाहेरच्या अंगाला पांढरा ठिपका देऊन १७-अ आणि १७-ब लिहिलं, दोन्ही एकाच वर्तमानपत्रात गुंडाळले, सुतळी बांधली. पुडी माझ्या पिशवीत, पिशवी माझ्या पाठीवर. हे नीट वाचा, कारण नंतर सगळे हेच विचारतात.

कापडदुकानदार आप्पांचा गुडघा दुखायला लागला म्हणून सर, आप्पा आणि मी आधी खाली उतरलो. पायथ्याच्या शाळेच्या व्हरांड्यात मी पुड्या तपासायला घेतल्या. सतरा नंबरची सुतळी सोडली...

आत एकच दगड होता. अख्खा. एका बाजूला १७-अ, दुसऱ्या बाजूला १७-ब, माझ्याच अक्षरात. भेग नाही, डिंक नाही. सरांनी भिंगातून पाहिलं, नख फिरवलं, शेवटी जीभसुद्धा लावली.

"चिकटला असंल," सर म्हणाले.

"सर, दगड आहे. भाकरीचं पीठ नाही."

"मुक्ताबाई," आप्पा हळूच म्हणाले, "तुमच्या त्या पुस्तिकांत ह्याच्यावर काही छापलंय का?"

एका हाताने त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग घट्ट धरलं होतं. "ह्याला हाय तिथं ठिवून येऊ. मी चढतो. गुडघा गेला तर गेला."

"काही ठेवायचं नाही! फोडा. आत शंख आहे का बघू."

सर हातोडा हातात घेईनात. जन्मभर पोरांना 'प्रयोग करून बघा' म्हणणारा माणूस! म्हणाले, "राहू दे ना पोरी. बाकीच्यांना येऊ दे."

त्यांचं बरोबर होतं. पण मी चिडले होते. मीच हातोडा उचलला आणि मारला.

एकाच घावात दोन तुकडे. एकात शंख, दुसऱ्यात छाप. फोटोतल्यासारखेच – कडेचा उडालेला टवकासुद्धा तोच.

आणि मग लक्षात आलं. अख्ख्या दगडाचा फोटो कुणीच काढला नव्हता! खड्याशेजारीसुद्धा मोजपट्टी ठेवून फोटो काढणारी आम्ही माणसं...

बाकीचे आले तेव्हा समोर होते दोन तुकडे, १७-अ आणि १७-ब. वहीत तेच, फोटोत तेच.

"मग झालं काय?" आमच्या सचिवबाईंनी विचारलं.

जे झालं ते सांगितलं.

मी सगळं वहीत लिहिलं. गट म्हणाला खोड. शाळांमध्ये प्रदर्शन लावायचंय, लोक हसतील. सर आता म्हणतात, "उन्हानं झालं असंल. पुडी दुसरीच असंल." आप्पा फोनवर म्हणाले, "पाहिलं हाय ताई मी. पण सही न्हाई करत. दुकानात बसतो, गिऱ्हाईक येडं म्हणंल."

मी खोडलं नाही. पाहिलं ते लिहायचं, कळलं नाही तर 'कळलं नाही' असं लिहायचं – मला एवढंच शिकवलंय.

गेल्या आठवड्यात नोंदवही माझ्याकडून काढून घेतली. का, तर म्हणे माझा 'असल्या गोष्टींवर' विश्वास बसायला लागलाय. नाही बसलेला! कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. कितीही कंटाळवाणं असलं तरी चालेल. फक्त 'तू पाहिलंच नाहीस' एवढं म्हणू नका.