एक पुस्तक मागे

मोठ्या चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही. घालून बघावी; कोपरा जमिनीला लागतोच, आणि इस्पितळाच्या धुलाईखान्यात जमिनीला लागलेली चादर पुन्हा मळक्या ढिगात जाते. म्हणून तिथे घडी घालणारे जोडीने उभे राहतात. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरकून चादर ताणायची, एक झटका द्यायचा, मग एकमेकांकडे चालत येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. एकाने आपले कोपरे दुसऱ्याच्या हातात द्यायचे, वाकून खालची कड उचलायची, की पुन्हा मागे. धुण्याची यंत्रं, वाळवायचे ड्रम आणि इस्त्रीचा गरम रूळ मिळून असा गजर करतात, की चादर ताणलेली असताना समोरचा काय बोलला ते देवालाही कळू नये. बोलायचं ते कोपरे हातात देताना, तेवढ्यात. आक्का रोज तेवढ्यात कादंबरी सांगायची.

एका चादरीला एक वाक्य, फार तर दोन. "ती आईच्या घरी परत आली." मग मागे सरकायचं, ताणायचं, झटकायचं. "बघते तर बेकरीच्या दारात तोच उभा." पुन्हा मागे. एखाद्या वॉर्डाच्या सगळ्या चादरी संपेपर्यंत नायक-नायिकेची नजरानजर व्हायची, आणि उशांच्या अभ्र्यांना हात लागला की गोष्ट थांबायची, कारण अभ्रे ज्याचे त्याने घडी करायचे असतात. आक्काला अभ्र्यांचा मनापासून राग होता.

आक्का पन्नाशीच्या पुढची, अंगाने भरलेली, चालताना किंचित डावीकडे झुकणारी. ती वाचायची त्या प्रेमाच्या कादंबऱ्या, पण उमेदीच्या आणि श्रद्धेच्या. आजच्या काळातली माणसं, मोबाइल वापरणारी, गाडीचे हप्ते भरणारी. कुणाचं दुकान जळालेलं, कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा देवावरचा विश्वासच उडालेला. मग दुसरं कुणीतरी तसंच मोडलेलं भेटतं, दोघं मिळून एखादं पडकं घर किंवा बाग नीट करायला घेतात, मध्येच एक प्रार्थना होते, ती भलत्याच वेळी ऐकली जाते, आणि शेवटच्या प्रकरणात हातात हात येतो. त्याच्या पलीकडे लेखिका जात नाहीत. मुखपृष्ठावर नेहमी एक पाठमोरी जोडी, मध्ये हातभर अंतर आणि त्या अंतरातून दिसणारा मावळता सूर्य. जाड भिंगाचे लोक अशा पुस्तकांकडे बघून नाक मुरडतात. मुरडोत बापडे. दिवसभर दुसऱ्याच्या आजारपणाच्या चादरी उलगडणाऱ्या बाईला संध्याकाळी कुणीतरी बरं झालेलं बघायचं असेल, तर त्यात कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

घरी धाकटा भाऊ, भावजय आणि कॉलेजात जाणारी भाची. भाची जिभेची तिखट. "आत्या, शेवट काय होणार ते तुला पहिल्या पानावर माहीत असतं. मग वाचतेस कशाला?"

"जेवल्यावर पोट भरणार हेही माहीत असतं. म्हणून तू जेवायची थांबतेस का? नाही ना? मग पोळ्या लाट."

या वाचनाची सुरुवात एका उशीतून झाली. आक्का तेव्हा मळक्या कपड्यांच्या टेबलावर होती. एका अभ्र्यात काहीतरी टणक लागलं; बघते तर पुस्तक, मधल्या पानावर औषधाच्या पाकिटाची खूण घातलेलं. यंत्रात गेलं असतं तर लगदाच. ती ते घेऊन वॉर्डात गेली, पण पलंग रिकामा होता, नवी चादर घालून तयार. त्या पलंगावरची बाई घरी गेली की कशी गेली, हे आक्काने विचारलं नाही. पुस्तक तसंच घरी नेलं आणि खुणेपासून पुढे वाचलं, कारण त्या बाईचं तेवढंच राहिलं होतं. शेवटी पुस्तकातली आजारी मुलगी बरी होऊन स्वतःच्या पायांनी घराच्या पायऱ्या चढते. तेव्हा आक्काने ठरवून टाकलं, की उशीवालीही घरीच गेली. मग सुरुवातीपासून वाचलं, आणि मग सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढलं.

तिची एक पद्धत होती. शेवटचं प्रकरण ती सुट्टीच्या सकाळीच वाचायची. केस धुऊन, मोबाइल बंद करून, खोलीला आतून कडी लावून. भावजय म्हणायची, "आज वन्सं लग्नाला गेल्यात." खरं तर आक्काचं स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. आधी वडील गेले, मग आईचं अंथरूण, मग भावाचं शिक्षण. एक स्थळ आलं होतं. आईची तब्येत सुधारू दे म्हणून थांबवलं, आणि ते लोक थांबले नाहीत. याचं तिने कधी भांडवल केलं नाही, पण दुखत नव्हतं असंही नाही.

चादरीच्या दुसऱ्या टोकाला होते बॉयलरमामा. उभा जन्म बॉयलरच्या खोलीत काढलेला, पुढे कंबर धरली म्हणून इकडे पाठवलेले. बायको जाऊन बराच काळ लोटला होता, मुलगा दूर नोकरीला. उंच, सावकाश, शर्टाचं वरचं बटणही लावणारे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. आक्काला मात्र काय म्हणावं ते कळायचं नाही. मामा म्हणावं तर जीभ वळेना, दादा तर नकोच. "अहो" म्हणावं तर इस्त्रीवरच्या बायका लगेच मान वळवणार. म्हणून ती "ऐकलंत का" म्हणायला लागली, आणि मग तर त्या बायकांना पदर तोंडात कोंबावे लागले.

मामा बोलत नसत. पण चादर मिटली की आक्काच्या तोंडाकडे असे बघत, की ती कुणा मोठ्या सभेत भाषण करते आहे असं तिला वाटे. आयुष्यात तिचं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. ते मान डोलवत, कधी हसत, कधी डोळे पुसत. फक्त हसण्या-रडण्याच्या जागा चुकायच्या. नायिकेला नोकरी मिळाली की मामांचे डोळे भरायचे. आणि घराला आग लागली की ते समाधानाने मान हलवायचे. आक्काने त्यावर खूप विचार केला आणि ठरवलं, की मनुष्य खोल आहे. ज्याची जखम जिथे, तिथेच त्याला दुखणार. आणि असं ठरवता ठरवता तिचा त्यांच्यावर जीव जडला. हे तिला कळलं तेव्हा तिने आरशात बघून स्वतःलाच दटावलं, आणि दुसऱ्या दिवशी धुवट पण चांगली साडी नेसून कामावर गेली.

मग बातमी आली. घडी घालायचं यंत्र येणार. एका बाजूने चादर टाकली की दुसऱ्या बाजूने घडी बाहेर. धुलाईखान्याच्या पर्यवेक्षक बाईंनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "कुणाचंही काम जाणार नाही. आक्का, तुम्ही शिवणखान्यात. मामा, तुम्ही मागच्या फाटकावर, औषधांच्या गोदामाजवळ." शिवणखाना नव्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. त्याच्या आणि फाटकाच्या मध्ये सगळं इस्पितळ पसरलेलं. बायकांना बरं वाटलं. आक्काने मात्र वेगळाच हिशेब केला. चादर गेली की चार पावलं चालत जवळ यायचं कारणच गेलं.

कादंबऱ्यांत अशा वेळी पुरुष बोलतो. शेवटून दुसऱ्या प्रकरणात बोलतो म्हणजे बोलतोच. आक्का वाट बघत राहिली. मामांच्या तोंडाचं कुलूप काही निघेना. तेव्हा तिने वाचनालयातून मुद्दाम एक पुस्तक निवडून आणलं. नदीच्या अल्याड एक विधवा, बेकरी चालवणारी. पल्याडहून लोकांना आणणारा एक होडीवाला. तो रोज सकाळी पहिली फेरी तिचं पीठ घेऊन करतो. आता नदीवर पूल होतो आहे. होडी बंद होणार. आक्का ही गोष्ट वाचता वाचताच सांगत होती, आदल्या संध्याकाळचं दुसऱ्या दिवशी, आणि जिथे पूल यायचा तिथे आवाज चढवत होती.

शेवटून दुसरं प्रकरण आलं. तिने चादरीचे कोपरे मामांच्या हातात दिले, पण सोडले नाहीत. "आणि तिने त्याला विचारलं," आक्का म्हणाली, "पूल झाल्यावरही तू येशील का?"

आणि ती थांबली. मागे सरकलीच नाही. 

मामांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. बाहीने नाक पुसून ते म्हणाले, "बिचारा घोडा."

"कुठला घोडा?"

"म्हातारा होता. पण जायला नको होता."

या कादंबरीत घोडा नव्हता. घोडा आधीच्या पुस्तकात होता, जनावरांच्या डॉक्टरचा. तो मेला त्याला बरेच दिवस झाले होते. आक्काच्या हातून कोपरे सुटले आणि चादर जमिनीला लागली. म्हणजे हा मनुष्य आपलं ऐकतच नाही. आपण जीव ओतून सांगतो, आणि हा मागच्याच घोड्याशी बसला आहे. इतके दिवस आपण भिंतीशी बोलत होतो, आणि भिंतीसाठी चांगल्या साड्या नेसत होतो. त्या दिवशी तिने पुढे चकार शब्द काढला नाही. मामा प्रत्येक चादरीला तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि ती त्यांच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे.

त्या सुट्टीच्या सकाळी केस धुतले गेले नाहीत. आक्काने शेवटचं प्रकरण न वाचताच पुस्तक पिशवीत टाकलं. भाची म्हणाली, "आत्या, शेवट?"

"शेवट माहीत असतो, तूच म्हणतेस ना?"

ती तडक वाचनालयात गेली. आत पाऊल टाकलं आणि कपाटाआडच थांबली. काउंटरपाशी मामा उभे होते, वरचं बटण लावलेले. हातात घोड्याचं पुस्तक. आणि ते ग्रंथपाल बाईंशी एवढ्या मोठ्याने बोलत होते, की वर्तमानपत्रं वाचणारे सगळे माना वर करून बघत होते.

"त्या बाईंचं पुढचं पुस्तक आलं का?"

ग्रंथपाल बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मग स्वतःच ओरडून सांगितलं, "नाही आलं, मामा. त्यांनी परत केलं की तुमच्यासाठी बाजूला ठेवते. नेहमी ठेवते ना?"

"या वेळेला लवकर हवं होतं. मला वाटायचं, माणूस आधी पुस्तक संपवतो आणि मग त्याची गोष्ट सांगतो. त्यांच्या पिशवीत दिसतं ते पुढचं, आणि सांगतात ते परत केलेलं. म्हणून परत केलेलं वाचून जायचो. पण घोडा त्यात नव्हता, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. त्यांनी काहीतरी विचारलं हो मला. काय विचारलं ते यंत्र यायच्या आत कळायला हवं."

आक्का कपाटाला धरून उभी राहिली. एकेक गोष्ट जागेवर बसत गेली: आगीला हलणारी मान, नोकरीला भरणारे डोळे. बॉयलरने या माणसाचे कान केव्हाच खाल्ले होते, आणि त्या गोंगाटात सगळेच बहिरे असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते ऐकत नव्हते हे खरं. पण तिचं प्रत्येक पुस्तक त्यांनी वाचलं होतं, कोपरे हातात घेताना मान कुठे डोलवायची ते कळावं म्हणून. आक्काला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

मग ती पुढे झाली. तिला बघून मामा चोरी पकडल्यासारखे गोरेमोरे झाले. "कानांचं सांगणार होतो," ते म्हणाले. "पण तुम्ही जोडीला दुसरं कुणी मागितलं असतं तर?"

बोलून उपयोग नव्हता. आक्काने त्यांना बाही धरून वाचायच्या टेबलाशी नेलं, खुर्चीवर बसवलं, पिशवीतून पुस्तक काढलं आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणाचं शेवटचं पान उघडून खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

मामांनी चष्मा लावला. ओठ हलवत सावकाश वाचलं: पूल झाल्यावरही तू येशील का? मग होडीवाला काय म्हणाला ते बघायला पान उलटू लागले, तशी आक्काने पानावर पंजा ठेवला. स्वतःकडे बोट दाखवून नकारार्थी मान हलवली. पुढचं तिनेही वाचलेलं नव्हतं. मग तेच बोट त्यांच्याकडे केलं.

मामांनी त्या पंजाकडे पाहिलं. सोड्याने आणि गरम पाण्याने रापलेला, नखं बारीक कापलेला हात. त्यांनी आपला हात त्यावर ठेवला.

"शिवणखाना वरच्या मजल्यावर आहे ना?" ते म्हणाले. "माझी कंबर अशी. पण येईन. रोज येईन."

त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो सगळ्या वाचनालयाला ऐकू गेला. एका म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. ग्रंथपाल बाई कुजबुजणाऱ्यालाही दटावायच्या, पण आज शिक्का हातात धरून नुसत्या बघत होत्या.

आक्का लाजेने अर्धी झाली. "अहो," ती म्हणाली, "हळू बोला."

ते त्यांना ऐकू गेलं नाही. पण आक्काला त्याचं वाईट वाटलं नाही. ते तिला पुन्हा म्हणता येणार होतं.