खुडआत्या आणि वाटाण्याचे शेंडे

माझी आत्या चालता चालता दिसेल त्या झाडाचा शेंडा खुडायची. कुंपणाची मेंदी, शेजाऱ्यांची तुळस, दवाखान्याच्या दारातली शोभेची झाडं, काही म्हणजे काही सुटायचं नाही. अंगठा आणि पहिलं बोट आपोआप पुढं जायचं, टच्‌ असा आवाज व्हायचा आणि बाई चार पावलं पुढं गेलेली असायची. एकदा बँकेत माझं काम होईपर्यंत तिनं तिथल्या कुंडीचं पार टक्कल करून ठेवलं. वॉचमन ओरडत आला तर त्यालाच म्हणते, "बाबा, शेंडा खुडला की झाड पसरतं. फुकट काम केलं तुमचं, वर बोलून राहिला का?" मी लाजेनं अर्धी झाले. आम्ही भावंडं लहानपणापासून तिला खुडआत्याच म्हणायचो.

रेणापूरजवळच्या एका गावात तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या रानात रोजानं काम केलं. थंडी पडू लागली, हरभरा वीतभर झाला की त्याचे कोवळे शेंडे खुडायचे, हा तिचा सण. आमच्याकडची रीत अशी की हरभरा फुलावर येईपर्यंत कुणाच्याही रानातून भाजी खुडावी, मालकाला विचारायचं कारण नाही. खुडल्यानं झाडाला फुटवे येतात, म्हणजे त्याचंही भलंच. फूल दिसलं की मात्र हात मागं. आत्या सांगायची, "आपण पाणी मागून पिलो, काम मागून केलं. ही एकच भाजी न मागता घरात आली." हे सांगताना तिचा आवाज चढायचा आणि मान ताठ व्हायची.

आणि ही भाजी धुवायची नाही, हा तिचा दुसरा कायदा. हरभऱ्याच्या पानावर आंबट खार असतो, तीच सगळी चव. पाणी लागलं की गेली. ती भाजी नुसती झटकायची, त्यात कांदा, हिरवी मिरची, मीठ, दाण्याचा कूट घालून हातानं चोळायची, वरून कच्चं तेल सोडायची. झाला घोळाणा. गरम भाकरीबरोबर तो खाल्ला की माणूस दुसरं काही मागत नाही. मी नांदेडला आल्यापासून कोथिंबीरसुद्धा तीन पाण्यांनी धुते. ते बघून ती नाक मुरडायची. "धुतलेली भाजी म्हंजी निस्ता पाला. ढोरायला घाल."

माझे यजमान बिलोलीला शिक्षक, घरी यायचे ते शनिवारी. माझं ऑफिस, आणि समता पाच वर्षांची. म्हणून आत्याला मी नांदेडला घेऊन आले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत तिचा जीव रमेना. सकाळपासून गॅलरी ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या मारायची, घासलेली भांडी परत घासायची. मीही काही शांत बसणाऱ्यातली नाही. चहा अर्धा टाकून उठणारी, कुलूप लावून परत ओढून बघणारी. एका घरात अशा दोन बायका म्हटल्यावर समता बिचारी मधे बसून आमच्याकडे आळीपाळीनं बघायची.

त्या हिवाळ्यात आत्या चार दिवस गावी गेली आणि हरभऱ्याची पिशवी भरून एसटीनं परत आली. भाजी ओळखीच्याच रानातली. रीतीप्रमाणे कुणाला विचारलं नव्हतं, त्यामुळे आदल्या संध्याकाळी त्या रानात फवारणी झाल्याचं तिला कुणी सांगितलंही नाही. आणि रीतीप्रमाणे भाजी धुतली नाही. दुपारी तिनं घोळाणा करून समताला भरवला. स्वतः माझी वाट बघत उपाशी थांबली होती. तासाभरानं पोरगी ओकू लागली, तोंडातून लाळ, डोळे फिरलेले. मी ऑफिसातून धावत दवाखान्यात पोचले तेव्हा तिला सलाईन लागलेलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? आत्यानं सगळं खरं सांगितलं. मग बाहेरच्या पॅसेजमध्ये, चार माणसांसमोर, मी तिच्यावर ओरडले, "जीव घेतला असतास पोरीचा! यापुढं तुझ्या हातचा घास माझ्या घरात नको!" ती पदराचा एक एक दोरा ओढत उभी राहिली. दोन दिवसांनी समता हसत-खेळत घरी आली. आत्याला मी जा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर पोरीला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून म्हटलं नाही. ही गोष्ट मला अजून टोचते.

आठ दिवस ती चुलीकडे फिरकली नाही. नवव्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो वाळका वाटाणा घेऊन आली. रात्रभर भिजवला, माझ्या कपडे धुवायच्या जुन्या टबाला खिळ्यानं भोकं पाडली, माती भरली आणि गॅलरीत पेरला. मी विचारलं, "हे काय नवीन?" म्हणाली, "हे रान माझं हाय. इथं फवाराया कोण येतंय?" पंधरा दिवसांत वीतभर शेंडे आले, कोवळे, टोकाला कुरळे दोरे सुटलेले. तिनं खाली दोन पानं राखून वरचे तेवढे खुडले. चव बघितली आणि तोंड वाकडं केलं. "आंबट न्हाई गं. गोडबोली हाय मेली." म्हणून लिंबू पिळलं.

मग तिला वाटाण्याच्या शेंड्यांचं वेडच लागलं. तीन टब झाले. कधी लसणाच्या फोडणीवर दोन मिनिटं परतायची, कधी धपाट्याच्या पिठात चिरून, कधी पोह्यांवर, कधी तुरीच्या वरणात, तेही पातेलं उतरवताना. "शिजवीत बसलीस तर टोपलंभराची वाटीभर होती." आणि जन्माचा कायदा मोडून ती भाजी धुवायची. तीनदा, चारदा, पाणी उजेडात धरून बघायची. मग आधी स्वतः खायची आणि घड्याळाकडे बघत बसायची. पूर्ण एक तास. "मी खाल्लं हाय. घंटा झाला, मला काई न्हाई झालं. आता दे पोरीला." समता तर दवाखाना कधीच विसरली होती. ती भुकेनं भोकाड पसरायची, तरी आत्या तासाच्या आत घास देत नसे.

हे मी रोज बघत होते. "आत्या, पुरे कर," हे तीन शब्द मला म्हणता आले असते. म्हटले नाहीत. तो एक तास मलाही हवा होता, दुसरं काय! मी स्वतः तिच्या हातचं खाल्लंच नाही. दोन वर्षं. घरी उशीर झाला म्हणायची, डब्यात दिलेलं ऑफिसातल्या बाईला देऊन डबा धुऊन आणायची. "कशी झालती भाजी?" विचारलं की म्हणायची, छान. आत्या माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघायची आणि गॅलरीत निघून जायची. आता ती नाही, म्हणून तरी हे लिहायला धजले.

गावी आत्याच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलं तसा तिचा मुलगा तिला न्यायला आला. निघायच्या दिवशी तिनं पहाटेच उठून वाटाण्याचे शेंडे घालून वरण केलं. मी चप्पल घालत होते. "मी आठलाच खाल्लं," ती म्हणाली, "नऊ वाजून गेले. दोन घास खाऊन जा बाई." मी म्हटलं, "उशीर होतोय आत्या, संध्याकाळी खाते." "हाव," ती म्हणाली, "संध्याकाळी खा."

सहाला घरी आले तर ती गेलेली. समता शेजारी खेळत होती. ओट्यावर पातेलं, त्यावर ताट झाकलेलं. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. उभ्या उभ्या भाकरी मोडली आणि ते गार वरण खाल्लं, सगळं, बोटानं पुसून. चव काय होती ते आठवत नाही, इतक्या घाईघाईनं खाल्लं. मग फोन लावला. ती नुकतीच गावी पोचली होती.

"आत्या, वरण खाल्लं."

"कोण, समतानं?"

"मी."

 मग म्हणाली, "कवा खाल्लंस?"

"आत्ताच."

"मग फोन ठिवू नको. घंटाभर बोल माझ्यासंगं."

मी ठेवला नाही. ती गावातल्या कुणाकुणाचं सांगत राहिली आणि मधेच थांबून विचारत राहिली, मळमळतंय का, घाम सुटला का. अर्ध्या तासानं माझ्यानं राहवेना. डब्याचं सगळं सांगून टाकलं. दवाखान्यात बोलले त्याची माफी मागितली. रडले, चांगली हुंदके देऊन रडले.

"ते ऱ्हाऊ दे गं," ती घाबऱ्याघाबऱ्या म्हणाली, "आदी सांग, पोटात कसं वाटून राहिलं?"