मी संथ केलेला कॉम्प्युटर

"घाई कोनले शे?" असं म्हणत नाना कॉम्प्युटरचं बटण दाबत आणि सावकाश खुर्ची ओढून घेत. पडदा उजळेपर्यंत टेबल पुसणं, शिक्क्याच्या पॅडवर शाई सोडणं, खिडकीपाशी उभ्या पालकांची विचारपूस, हे सगळं उरकून होई. असा एखादा कारकून तुम्हीही पाहिला असेल. अमळनेरच्या आमच्या शाळेत ते नाना होते.

तो कॉम्प्युटर संथ केला मी. मी विज्ञान शिकवतो आणि कॉम्प्युटरमधलं मला जरा जास्तच कळतं, असा माझा समज होता. जुनी सिस्टिम बाद झाली म्हणून मी फुकट मिळणारी नवी टाकली आणि तिच्यावर सगळ्यात देखणा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावर दिसणारा सगळा थाट, चढवला. खिडक्या तरंगत उघडायच्या, त्यांच्या सावल्या पडायच्या. "आता बघा कसा पळतो," असं स्टाफरूममध्ये सांगूनही टाकलं. तो काही पळाला नाही. शाळा सोडल्याचा दाखला आधी दोन मिनिटांत निघे, आता दहा लागू लागली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर, तो नुसता आजारी होता, तुम्ही त्याला म्हातारा केलात."

नाना मात्र म्हणाले, "नवं दिसाले चांगलं शे."

मला बाईंचं बोलणं झोंबलं होतं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर बसून मी तो डेस्कटॉप काढला आणि अगदी साधा, हलका टाकला. कॉम्प्युटर खरंच पळू लागला. सोमवारी मी ऐटीत ऑफिसात डोकावलो, तर नाना पडद्यावर वाकून बसलेले. दुपारपर्यंत एकही दाखला निघाला नव्हता.

"सर, पहिलंच बरं व्हतं. ते परत टाकी द्या."

"नाना, तो संथ होता हो."

"व्हवू द्या संथ."

मला रागच आला. मी कारण विचारत राहिलो, तेव्हा त्यांनी उठून दार लोटलं आणि सांगितलं. त्यांचा डावा डोळा कधीच गेला होता आणि अलीकडे उजव्यानंही धूसर दिसू लागलं होतं. रजिस्टर भिंगातून वाचता येई, पण पडद्यावरचं लागत नसे. त्या देखण्या डेस्कटॉपमध्ये दोन बटणं दाबली की पडद्याचा हवा तो भाग मोठा होई. ही सोय नानांनी स्वतःच शोधली होती आणि तिच्या जोरावर ते प्रत्येक जन्मतारीख आकडा आकडा करून तपासत. माझ्या चपळ डेस्कटॉपमध्ये ती सोय नव्हतीच.

"एक आकडा चुकना ते पोऱ्याले जनमभर फिरनं पडस," ते म्हणाले. "निवृत्तीले चौदा महिना शेतस. मी या खुर्चीवरूनच जासू. कोनले सांगू नका, सर."

त्याच संध्याकाळी मी तो देखणा डेस्कटॉप परत टाकला. "मशीनच थकलंय," असं सगळ्यांना सांगितलं. कॉम्प्युटर बिघडवणारे सर म्हणून माझं नाव झालं. कुणाचा मोबाइल अडला तरी मला हाक मारेनासे झाले. सुरुवातीला लागायचं, खोटं कशाला बोलू? पण चौदा महिन्यांत नानांचा एकही दाखला दुरुस्तीला परत आला नाही, आणि मला त्याचं फार बरं वाटे.

निरोपाच्या दिवशीही त्यांनी दोन दाखले केले आणि मगच ते हार घालून घ्यायला उठले. आता धुळ्याला मुलीकडे असतात.

त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. "इतका स्लो कोणी करून ठेवलाय हा?"

ऑफिसात चहाला जमलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मीच," मी म्हणालो, आणि चांगल्या अभिमानानं म्हणालो.