खाऱ्या टेंपोची नवी चासी

मासळी विकणाऱ्या बाईच्या अंगाला दोन गोष्टी कायम चिकटलेल्या असतात. खवले आणि किस्से. कितीही घासून आंघोळ करा, कोपराला एखादा खवला राहतोच. नवं लुगडं नेसून लग्नाला जावं, तर बाजूला बसलेली म्हणते, "हिरे, काहीतरी चमकतंय बघ!" किस्स्यांचंही तसंच. आमच्या टेंपोचे तर इतके साठलेत की मी कुठेही बसले की एखादा गळून पडतोच.

खारदांड्याच्या आम्ही पाच जणींनी मिळून एक जुना तीनचाकी टेंपो घेतला होता. पहाटे धक्क्यावरून मासळी भरायची आणि अंधेरीच्या बाजारात उतरवायची. चालवायला माझा धाकटा दीर भिवा. होडीवर मासळीचे वाटे घालताना एक वाटा होडीचा काढतात, तसा आम्ही टेंपोचाही काढायचो. हा नियम चांगुणाचा. "तो पण खलाशीच आहे. त्याचं पोट कोण बघणार?" चांगुणा माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आवाज असा, की अंधेरीला ओरडली तर जोगेश्वरीचं गिऱ्हाईक वळून बघेल.

आणि होडीसारखीच आम्ही त्याला आंघोळही घालायचो! प्रत्येक सणाला किनाऱ्यावर न्यायचा, बादल्या भरभरून समुद्राचं पाणी ओतायचं, वर हळदकुंकू. नळाला पाणी यायचं वीस मिनिटं, आणि समोर अख्खा समुद्र फुकट! त्यात रोजचं बर्फाचं खारट पाणी गळायचं ते वेगळं. सहा वर्षं आम्ही ही सेवा केली.

एके दिवशी वाकोल्याच्या सिग्नलला भिवानं ब्रेक दाबला. टेंपो थांबला, भिवाचा पाय थांबला नाही. तळाचा पत्रा फाडून पाय थेट रस्त्यावर!

हवालदार धावत आला. खाली वाकून बघितलं. "काय रे, गाडी चालवतोस की ढकलतोस?"

भिवा म्हणाला, "साहेब, दोन्ही!"

*

तिथेच वाकोल्याला बाबल मेस्त्रीचं गॅरेज. माणूस मालवणचा, तोंडानं तिखट, हातानं सोनं. तो टेंपोखाली शिरला आणि पान्ह्यानं ठोकत सुटला. आधी ठणठण वाजत होतं. मग थपथप वाजायला लागलं. मग वाजायचंच बंद झालं, नुसती तांबडी भुकटी पडायला लागली.

बाहेर आला तो डोक्यावर कुंकू सांडल्यासारखा दिसत होता. म्हणाला, "वयनी, ह्यो टेंपो नाय. ह्यो खारो बांगडो!"

गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा म्हणजे चासी, तीच सडली होती. पत्रा बदलता येतो, इंजिन उघडता येतं, पण चासी गेली की गाडी गेली.

मे महिना चालू होता. नारळी पौर्णिमेला होड्या परत समुद्रात जाणार, आणि त्याच्या आधी आरटीओचं पासिंग. पास नाही तर टेंपो नाही. टेंपो नाही तर मासळी नाही, आणि रिकाम्या राहिल्या की बाजारातल्या आमच्या पाचही जागा जाणार. माझ्या जागेवर माझी आई बसायची. तिच्या आधी तिची आई.

एक ट्रकवाला व्यापारी बाजारात टपलाच होता. म्हणाला, "हिराबाई, कशाला दगदग करता? जागा मला द्या. तुम्हा पाचही जणींना रोजावर ठेवतो."

रोजावर! माझ्याच फळीवर!

मी म्हटलं, "नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ये. मी इथेच असेन. बांगडा घेऊन जा. पैसे देऊन."

बोलून तर गेले. आता चासी आणायची कुठून?

*

आधी गेलो अंधेरीच्या शोरूममध्ये, मी आणि चांगुणा. टाय लावलेला पोरगेला साहेब होता. त्यानं नव्या चासीची किंमत सांगितली. या मुंबईत कोथिंबीरही फुकट मिळायची बंद झाली होती, पण हे म्हणजे हद्दच!

चांगुणा मात्र शांत. "दोन घेतल्या तर?"

"मॅडम, फिक्स्ड प्राइस आहे."

"निम्म्यात देतोस का बोल."

"मॅडम, फिक्स्ड..."

चांगुणा उठली. मला कोपरानं ढोसलं. मला कळलं. बाजारात गिऱ्हाईक असं उठून चालायला लागलं की आपण चार पावलांत हाक मारतोच. तेव्हा आम्ही चाललो. हळूहळू. दाराशी थांबून पदर नीट केला. पायऱ्यांवर थांबून चप्पल नीट केली. फाटकापाशी तर चांगुणानं उगाच पायातला काटा काढला. हाक नाही!

बस स्टॉपपर्यंत आलो. चांगुणा मागे वळून बघत म्हणाली, "हिरे, हा माणूस धंदा करायला बसलाय की फोटो काढून घ्यायला?"

*

मग बाबल मेस्त्री म्हणाला, कुर्ल्याच्या भंगार बाजारात चला. अपघातात वरून चेपलेल्या टेंपोची चासी कधीकधी चांगली मिळते.

गेलो. भंगारवाल्यानं एक दाखवली. काळीकुळकुळीत, आरशासारखी! भिवा तर खूशच झाला. "वयनी, झकास! डोळे मिटून घे."

चांगुणा म्हणाली, "डोळे मिटून नवरा घेतला. आता पुरे."

ती चासीभोवती दोनदा फिरली. वास घेतला. अंगठ्यानं दाबून बघितलं. भंगारवाला हसायला लागला. "मावशी, ये मछली नहीं है!"

चांगुणानं कमरेची कोयती काढली आणि त्या काळ्या रंगावर टोक टेकवून दाबलं. सुरमईत जावी तशी सरळ आत गेली! रंगाच्या खाली लांबीची पुट्टी भरलेली, पुट्टीच्या खाली भोक.

"मेल्या," ती म्हणाली, "शिळ्या माशाचे कल्ले रंगवून विकणारे मी रोज बघते. आता तुझ्या बायकोसाठी घरी नेशील ती चासी दाखव!"

गंमत सांगते, त्यानं खरंच आतून दुसरी काढून दिली. रंग नाही, चमक नाही, पण कोयती टेकवली तर कोयतीचं टोक वाकलं. किंमत टेंपोच्या वाट्यात बसली. रीतसर पावतीही घेतली. पावती लिहून होईपर्यंत चांगुणानं कोयती हातातच ठेवली होती, एवढंच.

*

चासी बदलायची तर आरटीओची परवानगी लागते, आणि अर्जाला चासीवर कोरलेल्या नंबरचा छाप जोडावा लागतो. बाहेर एजंट बसलेले. एक म्हणाला, "बाई, हे टेक्निकल काम आहे. तुमच्यानं नाही व्हायचं."

मला कोणी 'तुमच्यानं नाही व्हायचं' म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी भाचीच्या वहीतला एक कागद फाडला, पेन्सिल घेतली आणि नवी चासी ठेवली होती त्या वाकोल्याच्या गॅरेजला गेले. कागद नंबरावर ठेवला आणि वरून पेन्सिल आडवी घासली. एकेक आकडा पांढरा उमटला.

खिडकीवरच्या क्लार्कनं कागद उजेडात धरला. "छाप कोणी काढला?"

"मी."

"किती शिकलात?"

"चौथी."

"चौथीत हे शिकवतात?"

"शाळेत नाही शिकवत. कागदाखाली नाणं ठेवून घासत बसायचे, म्हणून मास्तरांनी मारलेलं. ते आठवणीत राहिलं."

क्लार्क हसला आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर मी तो कागद एजंटाच्या नाकासमोरून नेला. मुद्दाम, हळूहळू.

*

पावसाळ्यात ताजी मासळी नाही, म्हणून बाबल मेस्त्रीनं मजुरी ठरवली ती सुक्या बोंबलांत. अर्धे बोंबील काम सुरू करताना, उरलेले काम झाल्यावर. पाऊस आला की सुकं मऊ पडतं, म्हणून त्यानं ते गॅरेजमध्येच तारेवर लटकवले, फॅनबेल्टांच्या शेजारी.

एक शेठ आपली गाडी घेऊन आले. तारेवर बघत विचारलं, "मेस्त्री, हा बेल्ट कितीला?"

बाबलनं मान वर केली नाही. "त्यो लावू नकात. तळून खावचो लागता."

*

शेवटी चासी बदलायचा दिवस आला. वरचा सगळा हौदा आणि केबिन उचलायचं, जुनी चासी खालून ओढायची, नवी सरकवायची. गॅरेजमध्ये क्रेन नाही. भाड्याची क्रेन परवडणारी नाही.

माझे सासरे ऐकत होते. जन्मभर होडीचे तांडेल, म्हणजे होडीवर सगळ्यांत वरचा माणूस, म्हणून सगळे त्यांना तांडेलबाबाच म्हणत. ते म्हणाले, "होडी ओढायला क्रेन आणतो काय आपण?"

दुसऱ्या दिवशी अठरा खलाशी बसनं वाकोल्याला उतरले. खांद्यावर बांबू आणि दोर. पावसाळ्यात सगळे रिकामेच होते. हौद्याखाली बांबू सारले, दोर आवळले. तांडेलबाबा ऑइलच्या पिंपावर उभे राहिले आणि त्यांनी हाळी दिली. अख्खा हौदा केबिनसकट उठला! पालखीसारखा! वाकोला टाळ्या वाजवत होता.

आता आमच्याकडे रीत अशी, की तांडेल 'बस' म्हणेपर्यंत थांबायचं नाही. आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी तांडेलबाबांच्या हातात चहा दिला.

ते फुंकर मारत चहा प्यायले. खलाशी चालायला लागले. गॅरेजच्या बाहेर, गटार ओलांडून, रस्त्यावर! आणि केबिनमध्ये वायरी सोडवायला बसलेला बाबल मेस्त्री खिडकीतून ओरडतोय, "मेल्यांनू! माका खंय नेतास?"

चहा संपला. 'बस' झालं. तोवर ते मारुतीच्या देवळापर्यंत पोचले होते. परत येताना भिवानं नारळ फोडून घेतला. म्हणाला, "आलोच आहोत तर."

*

पासिंगचा दिवस. नारळी पौर्णिमेला आठ दिवस राहिलेले. टेंपो आरटीओच्या रांगेत उभा केला, आणि थोड्या वेळानं पुढचा ट्रक पुढे सरकला, मागचा मागे. मला कळेना. मग वास आला. आदल्या दिवशी तांडेलबाबांनी कोणाला न विचारता सगळ्या चासीला मुशीचं तेल फासलं होतं! मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या काळजाचं, होडीला लावतात ते.

मी कपाळाला हात लावला. कारण तपासणारे साहेब समोरून येत होते. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ.

चांगुणा पुटपुटली, "वाट लागली."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. कागद बघितले, नंबर ताडून पाहिला. मग रुमालासकट टेंपोखाली गेले. हातोडीचा आवाज आला. टण्ण! आम्ही पाच जणींनी एकमेकींचे हात धरले. टण्ण! टण्ण! थप कुठेच नाही.

बाहेर आले तर शर्टावर हा एवढा डाग. "हे काय फासलंय?"

"मुशीचं तेल, साहेब," तांडेलबाबा पुढे झाले. "खारं पाणी आत शिरत नाही."

"आजोबा, ते होडीला. हे लोखंड आहे."

"खारं पाणी विचारून शिरतं होय? माझी होडी बघा, नातवंडं झाली मला तरी तीच आहे. साहेब, तुमची स्वतःची गाडी असेल ना?"

"आहे. जुनी आहे."

"राहता कुठे?"

"वर्सोव्याला."

"समुद्राजवळ?"

"समोरच."

"मग तिचा खालचा पत्रा बघितलात का कधी?"

साहेबांनी कागदावर सही केली, शिक्का मारला आणि पुढच्या ट्रककडे गेले. चांगुणानं तिथेच फुगडी घातली, माझ्याशी नाही, फाटकावरच्या हवालदाराशी.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पाचही जणी आपापल्या जागेवर होतो. ट्रकवाला आला. बघत उभा राहिला. मग बांगडा घेऊन गेला. पैसे देऊन.

त्याच्यानंतरच्या रविवारी ऐन गर्दीत बाजाराच्या दारात पांढरा शर्ट दिसला. नाकाला रुमाल. चिखलातून, बर्फातून, टोपल्यांतून उड्या मारत साहेब थेट माझ्या फळीसमोर आले. चांगुणानं घाईघाईनं सगळ्यांत मोठं पापलेट उचललं, मग तुळशीची माळ बघून परत खाली ठेवलं.

साहेबांनी रुमाल काढला नाही. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पिशवीत हात घातला आणि एक रिकामी बाटली काढली.

"आजोबा आलेत का आज?"