पाळण्यावरचा क्लच

पाणवठ्यावर एवढंच ऐकलं, "शंकर पास झाला, आता घरीच…" आणि कुणाचा तरी हंडा गडगडला. पुढचं राहिलंच! अर्ध्या बातमीवर मला घास उतरत नाही. त्यातून शंकर आमचा शेजारी. तो गाडी शिकायला लागल्यापासून तर किस्से नुसते साठतच गेले.

शंकर मुंबईला गिरणीत होता, शिमग्याला तेवढा गावी, माल्याला यायचा. इकडं एका कोळशाच्या शेठला ट्रकवर ड्रायव्हर हवा होता. "लायसन मिळालं की मुंबई सुटली, काकी!" म्हणत तो रजा काढून आला. त्या दिवसापासून त्याची बायको हौसा अंबाड्यात रोज फूल घालायला लागली.

*

पहिल्याच दिवशी माळावर त्यानं क्लच असा सोडला, की ट्रकनं उडी मारली आणि बंद! शिकवणारा म्हातारा ड्रायव्हर ओरडला, "पायाखाली इंचू हाय का रं? हळू सोड की!"

*

दुपारी मी ताक मागायला गेले. म्हणजे बघायलाच. शंकर खाटेवर बसून डाव्या पायानं पाळणा हलवत होता.

"काकी, पाय हळू सोडला तर पोरगी झोपती. झटका बसला की उठती."

तेवढ्यात पोरगी रडली. आतून हौसा म्हणाली, "पडली बंद गाडी!"

*

पुण्यात टेस्टला खांब रोवून आठचा आकडा करतात म्हणे. शंकरनं खळ्यात राखेनं आठ काढला. हातात चाळणीचं स्टिअरिंग धरून हा पुढं, आणि "येऊ द्या, येऊ द्या!" करत हौसा मागं. सासू दारातून म्हणाली, "पुन्यांदा लगीन लावताय व्हय रं?"

*

टेस्टला एकाही खांबाला धक्का लागला नाही. शेवटी साहेब समोर आले, तर ह्यानं दोन्ही हात सोडून रामराम घातला!

"आधी ब्रेक, मग रामराम!" म्हणत साहेबांनी नापास केलं.

त्या संध्याकाळी हौसाच्या अंबाड्यात फूल नव्हतं.

*

दुसऱ्या खेपेला पास झाला, हे खरं. ट्रकवर लागला, तेही खरं. पण शेठची वखार पुण्यात, मुक्कामही तिथंच. ट्रक रोज दारावरून जायचा, पण वाटेत थांबायची बंदी!

एकदा मी ट्रकबरोबर चालत चालतच विचारलं, "मग काय उपयोग रं तुझ्या लायसनचा?"

"काकी, शेठनं थांबू नको म्हणलंय. हळू चालवू नको आसं कुटं म्हणलंय?"

घरापासून ओढ्यापर्यंत तो ट्रक बैलगाडीपेक्षा हळू जायचा. पोरीला कडेवर घेऊन हौसा खिडकीखालून चालायची. दोघं सारखं बोलत असायची. मी कुंपणाशी कान लावून उभी राहायचे, पण त्या मेल्या इंजिनापायी एक शब्द कधी कळला नाही!