गार गाडी मागल्या बोळात

मामा आधी गाडीला हात लावायचे. नंबर बघायचे नाहीत, मालक कोण तेही बघायचे नाहीत. वाकून इंजिनाजवळ उलटा तळहात धरायचे आणि निकाल द्यायचे, "गार हाय. मागल्या बोळात."

इंजिन गार म्हणजे गाडी कधीची उभी, ती हलवायची; एवढंच त्यांचं कायद्याचं पुस्तक. सांगलीच्या पेठेतला आमचा रस्ता तुम्ही पाहिला असेल तर सांगायला नको, तिथं गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीब. आणि होती ती जागा आम्ही दुकानदारच अडवून बसायचो. सकाळी शटर उघडलं की गाडी दारात, ती शटर ओढल्यावरच हलायची. गिऱ्हाईक दोन चकरा मारून विश्रामबागेतल्या दुकानांकडे निघून जायचं आणि आम्ही आत बसून रडायचो, की पेठेत आता कोणी येत नाही.

पार्किंगच्या ठेकेदाराने मामांना तिथं नेमलं. सगळा रस्ता त्यांना मामाच म्हणायचा. म्हसवडकडचे. उमेदीचं सगळं वय मेंढरांमागं गेलेलं. बायको गेली, मेंढरं विकली, पुतण्यांपैकी कोणी विचारत नव्हतं, म्हणून इकडं आलेले. मी एकदा चेष्टेत म्हटलं, "मामा, मेंढरं वळणारा माणूस गाड्या कशा काय वळतो?"

"मेंढरू ऐकतं मास्तर," ते म्हणाले, "गाडीवाला ऐकत न्हाई."

माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. एके काळी टायपिंग शिकवायचो, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. पहिल्याच दिवशी माझी स्कूटर बोळात गेलेली बघून माझं डोकं सटकलं. "माझ्या दुकानापुढं मी नाही लावायची तर कोणी?"

"आवं, दुकान तुमचं. रस्ता कसा तुमचा? ताजं माणूस लांबनं येतंय, त्येला घटकाभर जागा पायजे. तुमी हितलंच. तुमी चालायचं."

मग आम्ही शक्कल काढली. तासा-तासाला बाहेर यायचं, गाडी चालू करायची, जरा गुरगुरवायची आणि बंद करून आत जायचं. शहाणीसुरती माणसं, पण सगळा रस्ता आळीपाळीने गाड्या तापवत होता! मामांनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरपाशी उकिडवे बसले आणि हाक मारली, "मास्तर, इंजान तापलंय खरं, पर सकाळी मी टायराखाली सारलेला कागद हाय तितंच हाय." समोरचा कापडवाला पोट धरून हसला. मी काही हसलो नाही.

खरं सांगायचं तर माणूस चुकत नव्हता. गुडघे धरून आलेली कुंडलची एक आजी मुलाच्या गाडीवरून थेट दवाखान्याच्या पायरीपाशी उतरायची. "उतरा आज्जी, दारातच आलाय," म्हणत मामा हात द्यायचे. खुद्द डॉक्टरांची गाडी मात्र बोळात.

भाकरी माझ्या पायरीवर बसून खायचे. रविवारी बाजार बंद, तरी यायचे. मी एकदा हिशेबाला दुकान उघडलं तर मोकळ्या रस्त्याच्या कडेला बसलेले. "आज सुट्टी ना?"

"खोलीवर बोलायला कोन हाय?" म्हणाले. "हितं निदान तुमी तरी आला."

मी बरं म्हणून आत गेलो. चहाचंही विचारलं नाही. आज त्याची लाज वाटते.

शेवटी आम्ही दुकानदारांनी ठेकेदाराला अर्ज दिला. मजकूर माझा. माझ्याइतकं कडक दुसऱ्या कोणाला लिहिता येतं? 'व्यापाऱ्यांशी अरेरावी', 'वाहनांचे नुकसान', 'तातडीने बदली व्हावी'. नुकसान एका ओरखड्याचंही झालेलं नव्हतं.

आठ दिवसांनी मामा त्याच अर्जाची प्रत घेऊन माझ्याकडेच आले. विश्रामबागेच्याही पलीकडच्या नव्या पार्किंगच्या मैदानात त्यांची बदली झाली होती. "वाचा जरा." माझीच वाक्यं मी त्यांना वाचून दाखवली.

"उलटा अर्ज लिवा," ते म्हणाले. "पगार हाय तेवढाच हाय, त्येची तक्रार न्हाई. पर तितं माणूस फिरकत न्हाई. मला माणसांत ठिवा, एवढंच लिवा."

मी म्हटलं, शाई संपलीय, उद्या या. दुसऱ्या दिवशी म्हटलं, लाईट नाही. तिसऱ्या दिवशीही आले, थोडा वेळ उभे राहिले आणि काही न मागता गेले. त्यानंतर पेठेत दिसले नाहीत.

दोन महिन्यांनी त्या बाजूला काम निघालं. मुद्दाम मैदानात स्कूटर घातली. केवढं मोठं मैदान! मामांनी चुन्याची फक्की मारून रेघा आखलेल्या, एकही रेघ वाकडी नाही, आणि गाडी एकही नाही. मला बघून लगबगीने उठले. एवढ्या मोकळ्या जागेत दोन्ही हातांनी खुणा करत मला आत घेतलं, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं, बास." आजूबाजूला जणू शंभर गाड्या उभ्या होत्या.

मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं, "मामा, तो अर्ज मी लिहिला होता."

"म्हाईत हाय. तुमच्या झेरॉक्सला कडंला काळा पट्टा येतो. त्या कागदावर व्हता की."

"मग माझ्याकडंच कशाला आलात?"

"तुमच्या लिवन्यावर मला हितं धाडलं. मग परत आनायलाबी तुमचंच लिवनं चाललं असतं न्हवं?"

रागाचा लवलेश नव्हता. त्यांनी मला आपल्या खुर्चीवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसले आणि पेठेतल्या एकेकाची चौकशी केली. कापडवाल्याच्या मुलीचं लग्न, डॉक्टरांची बदललेली गाडी, आजीचे गुडघे. मी निघायला लागलो की नवा विषय काढायचे. "अर्ज परवा आणून देतो," असं सांगून मी निघालो.

परवाचे पंधरा दिवस झाले. सणाचे दिवस होते, दुकानात गर्दी होती; कारणं काय, माझ्याकडे कधी कमी नसतात. अर्ज घेऊन गेलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. शेजारच्या बांधकामावरचा वॉचमन म्हणाला, "म्हातारा गेला की काम सोडून. गावाकडं गेला वाटतं."

मग मी अर्ज घेऊन ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, माणसाला परत बोलवा, आमची तक्रार नाही, पत्ता द्या, मी स्वतः म्हसवडला जाऊन घेऊन येतो. तिथल्या पोराने रजिस्टर उघडलं, बोट टेकवलं आणि विचारलं, "नाव काय त्यांचं?"

मी हातातल्या अर्जाकडे बघितलं. सगळं नीट टाईप केलेलं होतं. नावाची जागा कोरी होती.