पुठ्ठ्याच्या तीन भिंती

विश्रामबागेतल्या आर्किटेक्चर कॉलेजात बिरदेव शिपाई होता, पण मॉडेलमधलं दुखणं त्याच्याइतकं चटकन कुणाला सापडत नसे. मॉडेल म्हणजे नुसते पुठ्ठ्याचे आडवे-उभे तुकडे. दार नाही, खिडकी नाही, मोकळी जागा कशी वाटते तेवढंच बघायचं. बिरदेव टेबलाशी उकिडवा बसायचा, एक डोळा मिटायचा. "हितं जीव गुदमरतोय बघा." पोरं हसायची आणि गुपचूप ती भिंत सरकवायची.

सोमवारी त्याच्याच घराचं बांधकाम सुरू होणार होतं, जतकडच्या माळावर. आई बयाबाई उभा जन्म मेंढरांमागं उघड्यावर झोपलेली. चार भिंतींत तिचा डोळा लागत नसे. धाकटा भाऊ सिद्धू म्हणाला, "मिस्त्रीला डोळ्यानं दिसंल असं कायतरी आण दादा, न्हाईतर त्यो खोका उठवून मोकळा." उरल्यासुरल्या पुठ्ठ्यातून बिरदेवनं तीन भिंती उभ्या केल्या, एकमेकींना न चिकटलेल्या. जयराज सरांनी एकदा नजर टाकावी म्हणून महिनाभर मागं लागला. "उद्या बघू." शेवटी शनिवारी, पोरांची मॉडेलं तपासायच्या ज्युरीच्या सकाळी, त्यानं ते सरांच्या टेबलावरच ठेवून दिलं.

चहा घेऊन आला तर सगळे त्या मॉडेलभोवती.

"काय जागा पकडलीय! कुणाचं हे?" सर विचारत होते.

मॉडेल न करता रिकाम्या हातानं आलेला विद्यार्थी शिवतेज म्हणाला, "माझं, सर."

बिरदेव ट्रे घेऊनच पुढं आला. "आवं सर, त्ये माझं हाय."

हशा पिकला. "असं? मग कन्सेप्ट सांगा की, बिरदेव!"

त्यानं ट्रे खाली ठेवला. "आमी मेंढरांभवती जाळी लावतो, तवा वाऱ्याकडं पाठ करतो, तोंड आडबाजूला. वारं आत शिरत न्हाई आन आभाळ समदं आत ऱ्हातंय. माझ्या आईला तसं पायजे."

आता कुणी हसलं नाही. सर शिवतेजकडं वळले.

"शिवतेज, हे लिहून घे. ड्रॉइंगच्या शीटवर छान वाटेल."

मॉडेल काचेच्या कपाटात कुलूपबंद झालं. "प्रदर्शन उरकू दे, मग न्या," सर म्हणाले. सोमवारी प्रदर्शनाच्या दाराशी बिरदेवलाच उभं केलं. गावी जाता येईना, म्हणून फोनवरच त्यानं सिद्धूला भिंती समजावल्या. "चिकटवायच्या न्हाईत म्हंजे?" सिद्धू म्हणाला. "दादा, मिस्त्री हसतोय."

खोका उठला. बिरदेव रविवारी गावी जातो, तेव्हा बयाबाई खाट अंगणात ओढत असते.

"तुझं पुठ्ठ्याचं घर कुठाय रं?"

"कॉलेजात. काचंत."

"कोण ऱ्हातंय त्यात?"

"शिवतेज म्हणून एक हाय."

सोमवारी तो काच लख्ख पुसतो. शिवतेजच्या नावाच्या चिठ्ठीवरची धूळ तेवढी राहू देतो.